मे महिन्यात जुन्या रेसर सायकलचा टायर फुटतो: खरं कारण कसं शोधायचं

मार्चअखेर सुरू होते आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत थांबत नाही, अशी एक तक्रार नागपुरात जुन्या सायकली दुरुस्त करून विकणाऱ्या प्रत्येकाकडे येते. "भाऊ, सायकल पोर्चमध्ये नुसती उभी होती. दुपारी असा धडाका झाला का सारे घराबाहेर धावले. पाहतो तर मागची ट्यूब फाटलेली." बऱ्याचदा तोवर एक-दोन ट्यूब बदलून झालेल्या असतात. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं सांगितलेलं असतं, "ऊन लय तपून राहिलं, हवा कमी ठेवत जा." ग्राहक हवा कमी ठेवतो. मग काही दिवसांत सिमेंट रोडच्या एखाद्या जोडावर चाक आदळतं आणि ट्यूब पुन्हा जाते. आता त्याची खात्री पटते की जुनी सायकल घेण्यातच चूक झाली, आणि सत्तरच्या दशकातली एक सुंदर रेसर पुन्हा जिन्याखाली जाऊन पडते.

मला याचं फार वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा सायकलचा नसतो आणि उन्हाचाही नसतो. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं. जिथे आधीच कच्चं काम झालेलं असतं तिथेच ते फुटतं, आणि ती जागा सापडली नाही तर तुम्ही कितीही ट्यूब बदला, तक्रार परत येणारच. ती जागा कशी शोधायची ते इथे लिहितो आहे. दुकानात काम करणाऱ्यांसाठी आणि अशी सायकल विकत घेतलेल्यांसाठीही.

ऊन नेमकं किती करतं

नागपूरच्या उन्हाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, तर रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. पण या उन्हानं टायरमधला दाब किती वाढतो ते एकदा कागदावर मांडून पाहा. समजा पहाटे ३० अंशाला तुम्ही ६५ पौंड (पीएसआय) हवा भरली. दुपारी उन्हात उभा काळा टायर तापून ६५ अंशाला गेला असं धरू. बंद जागेतल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून ३० अंशाचे ३०३ धरायचे आणि ६५ अंशाचे ३३८. गेजवरच्या ६५ पौंडांत बाहेरच्या हवेचे साधारण १४ पौंड मिळवले की ७९ होतात. ७९ ला ३३८ ने गुणून ३०३ ने भागलं की ८८. त्यातून ते १४ वजा केले की ७४.

म्हणजे वाढ झाली नऊ पौंडांची. धड स्थितीतला टायर योग्य मापाच्या रिमवर नीट बसला असेल, तर नऊ पौंड तो सहज पेलतो. याचा पुरावा रस्त्यावरच उभा असतो. दूधवाल्यांच्या, पेपरवाल्यांच्या काळ्या सायकली इतवारीत, महालात, कॉटन मार्केटात दिवसभर उन्हात असतात. त्या अशा फुटत नाहीत. कंपनीतून निघताना त्यांची रिम, टायर आणि ट्यूब एकाच मापाची निघालेली असते आणि नंतरही तेच माप दर दुकानात मिळत राहतं. दुरुस्त केलेल्या रेसरचं तसं नसतं. रिम मूळची असते, टायर होलसेलवाल्यानं जो दिला तो असतो, ट्यूब भलत्याच मापाची असते आणि रिम टेप, म्हणजे रिमच्या आत स्पोकची टोकं झाकणारी पट्टी, जुन्या ट्यूबमधून कापलेली असते.

फुटलेली ट्यूब टाकून देऊ नका

पंक्चरवाल्याकडे जुनी ट्यूब सोडून येणं ही या सगळ्यातली सर्वात महागात पडणारी सवय आहे. कारण त्या ट्यूबवरच लिहिलेलं असतं. मी ग्राहकाला फोनवरच सांगतो, फाटलेली ट्यूब घेऊन या, आणि जमलं तर टायर काढायच्याही आधी वालच्या (व्हॉल्व्हच्या) समोर टायरवर खडूनं एक रेघ मारा. मग ट्यूबवरची फाट टायरच्या आणि रिमच्या कोणत्या जागेशी येते ते जुळवून पाहता येतं. टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी वालपाशी आणायचं, ही जुन्या कारागिरांची पद्धत याच कामासाठी आहे. ते नुसतं दिसायला बरं म्हणून करत नाहीत.

आता फाट पाहा. वीतभर किंवा त्याहून लांब, सरळ चिरलेली फाट असेल आणि आवाज सुतळी बॉम्बसारखा झाला असेल, तर टायरनं रिम सोडली होती. टायरच्या आत कोंडलेल्या ट्यूबला एवढं फाटायला जागाच नसते. टायरची कड रिमच्या बाहेर सरकते, तिथून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते आणि मग फुटते. या फाटीचा काट्याशी, काचेशी काही संबंध नसतो.

शेजारी शेजारी दोन बारीक चिरा असतील तर ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मध्ये चेपली गेली, म्हणजे हवा कमी होती. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमकडच्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक, गंज किंवा सरकलेली रिम टेप. वालच्या मुळाशी ट्यूब फाटली असेल तर रिमच्या भोकाचं माप पाहायचं. जुना पॅच कडेनं उचलला असेल तर तो प्रश्न वेगळा आणि सोपा. आणि बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर तो बाभळीचा काटा. हिंगणा किंवा काटोल रोडला फिरून आलात तर तो लागायचाच, त्याला साधं पंक्चर म्हणायचं आणि पुढे जायचं.

वीतभर फाट: आधी माप तपासा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

जुन्या पद्धतीच्या मापातला इंचाचा आकडा टायरचा बाहेरचा व्यास अंदाजानं सांगतो. टायरच्या कडेतली तार रिमवर जिथे टेकते तिथला व्यास त्यातून कळत नाही, आणि टायर रिमवर राहणार की नाही हे फक्त त्या व्यासावर ठरतं. हा व्यास मिलिमीटरमध्ये लिहिण्याची पद्धत आता जगभर आहे. नव्या टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ३२-६३० असं काही छापलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा तो.

आपल्या काळ्या रोडस्टरचा, म्हणजे दूधवाल्यांच्या त्या सायकलीचा, २८ × १½ हा ६३५ चा असतो. जुन्या इंग्रजी धाटणीच्या रेसरचा २७ × १¼ हा ६३० चा. आजच्या रोड बाइकचा ७०० सी हा ६२२ चा. आणि जुन्या युरोपियन सायकलींवर २८ × १⅝ × १⅜ असं लिहिलेलं सापडतं, तोही ६२२ चाच. म्हणजे एक २८ हा ६३५, दुसरा २८ हा ६२२, आणि २७ त्या दोघांच्या मध्ये. नावावरून लहान-मोठं ठरवायला गेलात की फसलातच. २६ मध्येही तसंच आहे. जुन्या स्पोर्ट्स सायकलींचा २६ × १⅜ हा ५९० आणि रेंजरचा २६ × १.७५ हा ५५९. अपूर्णांकात लिहिलेलं माप आणि दशांशात लिहिलेलं माप एकमेकांच्या जागी कधीच चालत नाही, एवढं पक्कं ध्यानात ठेवा.

आपल्याकडे नेहमी घडतं ते असं. २७ × १¼ प्रत्येक दुकानात नसतो, मागावा लागतो, कधी थांबावं लागतं. २८ × १½ मात्र कुठेही मिळतो. "मोठा टायर द्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा २८ काढून देतो. तो २७ च्या रिमवर चढतो, आणि चांगला सहज चढतो. फरक फक्त पाच मिलिमीटरचा, म्हणजे एका बाजूला अडीच. हवा भरली की टायर फुगून रिमला चिकटल्यासारखा दिसतो, चाक फिरतं, ग्राहक खूश होऊन घरी जातो. हिवाळाभर काही होत नाही. मार्चनंतर रबर मऊ पडतं, दाब पाच-दहा पौंडांनी चढतो, आणि जी तार नुसत्या घर्षणावर टिकून होती ती कडेवरून निसटते. बाहेर ४४ अंश असतात, म्हणून दोष उन्हाला लागतो.

धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्यातून निघालेली हिरवी इंग्रजी रेसर अशीच आमच्याकडे आली होती. काम दुसरीकडे झालेलं होतं, रंग सुरेख, क्रोम आरशासारखं, टायर कोरे करकरीत. मागची ट्यूब दोनदा गेलेली. पुढचं चाक अजून शाबूत होतं, म्हणून तेच आधी उलटं करून फिरवलं. टायरच्या बाजूला रिमपासून थोड्या अंतरावर एक बारीक उठलेली रेघ असते. टायर नीट बसला असेल तर ही रेघ रिमच्या कडेपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते. इथे ती वालपाशी रिमच्या आत बुडालेली होती आणि वालच्या समोरच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी वर आली होती. चाक फिरवलं की लाटेसारखी वरखाली जायची. हवा सोडली आणि टायर लिव्हरला हातही न लावता नुसत्या अंगठ्यांनी टायर बाहेर आला. तिथेच निदान झालं. योग्य मापाचा, तारेचा टायर स्टीलच्या रिमवरून असा सहसा निघत नाही, शेवटच्या वीतभर भागाला जोर लावावा लागतो. वालच्या भोकाजवळ क्रोमवर पांढरा खडू आडवा घासून वरचा थर पुसून घेतला, तेव्हा दाबलेल्या अक्षरांत २७ × १¼ उमटलं. टायरवर २८ × १½ ठळक छापलेलं होतं. ते वाचण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

खडूची ही युक्ती जरूर करून पाहा. पुन्हा क्रोम चढवलेल्या रिमवर आकडे बुजतात, पण पूर्ण जात नाहीत. अजिबातच वाचता आले नाहीत तर एक अरुंद कागदी पट्टी घ्या आणि टायर काढलेल्या रिमच्या ज्या खांद्यावर तार टेकते त्यावरून पूर्ण वेढा देऊन मोजा. मधल्या खोल खाचेतून पट्टी नेऊ नका, माप कमी येईल. १९९५ मिलिमीटरच्या आसपास आलं तर रिम ६३५ ची, १९७९ आलं तर ६३० ची, १९५४ आलं तर ६२२ ची. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी गोंधळ होणार नाही, एवढं अंतर या आकड्यांत आहे.

माप बरोबर असूनही टायर निसटत असेल तर बसवण्यात चूक आहे. ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा भरून ती गोल करून घ्या, तिला टाल्कम पावडर लावा, मग आत घाला. टायर चढल्यावर वाल एकदा आत ढकलून बाहेर ओढा, कारण तिथेच ट्यूबचा जाड भाग तारेखाली अडकतो. वीसेक पौंडांवर थांबा, चाक फिरवा, दोन्ही बाजूंची ती रेघ पाहा. एखाद्या जागी आत बुडाली असेल तर हवा सोडा, कडेला साबणाचं पाणी लावा, हातानं ओढून बसवा आणि पुन्हा भरा. पूर्ण दाबाला गेल्यावर ही तपासणी करण्यात अर्थ नाही. फुटायचं असेल तर ते तुमच्या कानापाशीच फुटेल.

जुनी रिम आणि आजचा दाब

दुसरं कारण रिमच्या कडेत असतं. आजच्या अ‍ॅलॉय रिमची कड आतल्या बाजूला किंचित वळलेली असते, ते हुकासारखं वळण टायरच्या तारेला धरून ठेवतं. जुन्या स्टीलच्या रिमची कड सरळ उभी असते. रॉड ब्रेकच्या सायकलीवरची गोलसर वेस्टवुड रिम असो की कॅलिपर ब्रेकसाठीची सपाट बाजूची एन्ड्रिक, दोन्ही त्या काळच्या कमी दाबासाठी घडवलेल्या आहेत. त्यावर टायर चढवून "रेसर आहे, कडक हवा पाहिजे" म्हणत ९०-१०० पौंड मारले तर ती रिम टायरला धरणार कशानं? टायरच्या बाजूला छापलेला आकडा पाहा आणि स्टीलच्या सरळ कडेच्या रिमवर ६५ च्या वर जाऊ नका. वजनदार माणसासाठी मागे ७०. माझ्या मते नागपूरच्या मे महिन्यात पाच पौंड त्याहूनही कमी ठेवलेले बरे.

पण हे आकडे पाळायचे तर मोजता आले पाहिजेत, आणि तिथे आपल्या देशी ट्यूबची अडचण येते. आपल्या वालमध्ये एक बारीक रबरी नळी असते, हवा तिला बाजूला सारून आत जाते. पंपावरच्या गेजला या नळीचा विरोधही मोजावा लागतो, म्हणून तो आतल्यापेक्षा जास्त दाब दाखवतो, आणि भरून झाल्यावर आतला दाब परत वाचता येत नाही. अंदाजपंचे काम चालतं. त्यात पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर गाड्यांच्या टायरसाठी लावलेला असतो. रेसरच्या सडपातळ ट्यूबमध्ये जागा इतकी कमी की दोन-तीन सेकंदांत ती दगड होते. रेसरमध्ये हवा हातपंपानंच भरा, ही सूचना मी प्रत्येक ग्राहकाला देतो. शक्य असेल तिथे मोटरसायकलसारख्या जाड वालची ट्यूब घालतो. ती देशी रिमच्या भोकात बसते आणि साध्या गेजनं दाब नीट वाचता येतो.

गेजही दोन ठेवा आणि अधूनमधून एकमेकांशी ताडून पाहा. २०२४ च्या मे अखेरीस आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो सेन्सरचा बिघाड निघाला. सरकारी केंद्राचं उपकरण चुकू शकतं, तर आपल्या दुकानातला दिवसभर आपटणारा गेज का नाही चुकणार?

रिमला कुठे ठोकर बसून कड बाहेर पसरली आहे का तेही बोट फिरवून पाहा. रिम ठोकून सरळ केलेली असेल, चाकाचा आउट (डावी-उजवीकडची डोल) काढलेला असेल, तरी कड एका जागी उघडी राहू शकते. टायर तिथूनच बाहेर येतो. अशी रिम प्रदर्शनाच्या सायकलीला ठेवा, चालवायच्या सायकलीला नको.

आतल्या अंगाचं भोक: रिम टेप आणि गंज

जुनी रिम क्रोम करताना बाहेरून चकचकीत होते, आतून मात्र तशीच राहते. मधल्या खाचेत गंजाचे पापुद्रे असतात आणि ते पत्र्यासारखे धारदार असतात. त्यावर जुन्या ट्यूबची पट्टी कापून रिम टेप म्हणून घातली जाते. ही पट्टी हिवाळ्यात ठीक असते. उन्हाळ्यात ती सैल पडते, एका बाजूला सरकते आणि स्पोकला रिममध्ये धरणाऱ्या निपल उघड्या पडतात. त्यातून एखाद्या स्पोकचं टोक निपलच्या वर आलेलं असेल तर दाब वाढला की ट्यूब त्यावर टोचली जाणारच.

काम सोपं आहे, फक्त वेळ द्यावा लागतो. ओव्हरऑइलला सायकल उघडलीच आहे तर टायर काढून रिमची आतली बाजू पॉलिश पेपरनं घासा, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वाळू द्या आणि रेड ऑक्साइडचा पातळ हात मारा. वर आलेलं प्रत्येक स्पोकचं टोक कानशीनं निपलच्या बरोबरीला आणा आणि बोट फिरवून खात्री करा. मग सुती कापडाची रिम टेप लावा, खाचेच्या रुंदीएवढीच. जास्त रुंद टेप खांद्यावर चढते आणि तारेला नीट बसू देत नाही. मला विचाराल तर संपूर्ण दुरुस्तीत एवढ्या कमी पैशात एवढा फायदा देणारं दुसरं काम नाही. पण टायरखाली झाकलं जातं, फोटोत दिसत नाही, म्हणून सगळ्यात आधी तेच गाळलं जातं.

वालच्या मुळाशी फाटली असेल तर

देशी वालसाठी आणि मोटरसायकलच्या जाड वालसाठी रिमचं भोक साधारण साडेआठ मिलिमीटरचं असतं. विलायती रेसरच्या बारीक प्रेस्टा वालसाठी ते साडेसहाचं. मोठ्या भोकात बारीक वालची ट्यूब घातली की वाल हलतो आणि ट्यूबचं रबर त्या मोकळ्या फटीत शिरून कातरलं जातं. बारीक वालच घालायचा असेल तर भोकात बसणारा रबरी किंवा पितळी बुश टाका. उलट प्रकार, म्हणजे जाड वालसाठी बारीक भोक ड्रिलनं मोठं करणं, जुन्या हलक्या अ‍ॅलॉय रिमवर करू नका. तिथून रिम तडकते. वाल तिरका झालेला दिसत असेल तर टायर रिमवर सरकतो आहे, म्हणजे हवा कमी आहे किंवा पुन्हा मापाचाच घोळ आहे.

हवा कमी ठेवून चालत नाही

पंक्चरवाल्याचा सल्ला पाळला की काय होतं ते वर सांगितलंच. नागपुरात आता जिकडेतिकडे सिमेंट रोड आहेत. त्यांच्या जोडांवर आणि गट्टू जिथे सिमेंटला भेटतात त्या काठावर सडपातळ टायर ४० पौंडांवर आदळला की रिम थेट ट्यूबवर बसते. उन्हाळ्यात वालची रबरी नळीही चिकट होऊन गळते, त्यामुळे तुम्ही न काढताही हवा कमी होते. ती नळी फेब्रुवारीत बदलून टाका, किरकोळ खर्च आहे, आणि आठवड्यातून एकदा पहाटे हवा तपासा. दुपारी तापलेल्या टायरवर केलेलं माप धरू नका.

पॅचबद्दल एवढंच: उन्हाळ्यात जुन्या पॅचची ट्यूब रेसरमध्ये घालू नका. गरम टायरमध्ये सोल्यूशन मऊ पडतं आणि पॅच कडेनं सुटतो. आणि कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेला "न वापरलेला" टायर घेताना तो बाजूनं दुमडून पाहा. केसासारख्या भेगा उघडल्या, आतलं कापड दिसलं, तर तो कितीही कोरा दिसला तरी भिंतीवर टांगण्यापुरताच. टायर-ट्यूब ग्राइंडर आणि ड्रिलपासून लांब, सावलीत ठेवा. त्या मोटरींच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि रबराला अशाच भेगा पाडतो.

सरळ ७०० सी का नाही करायचं?

हा प्रश्न हमखास येतो. करता येतं, आणि रोज पहाटे लांब पल्ल्याला जाणाऱ्यासाठी मी ते सुचवतोही. हुकासारख्या कडेची अ‍ॅलॉय रिम मिळते, टायरची निवड मोठी मिळते. पण दोन गोष्टी आधी तपासा. एक म्हणजे ब्रेक. रिम ६३० वरून ६२२ वर आली की ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली आणावी लागतात. लांब हाताचे कॅलिपर असतील तर जमतं, आखूड असतील तर रबर टायरवर घासेल, आणि मग फुटण्याचं नवं कारण तयार. दुसरी गोष्ट हब. जुन्या इंग्रजी आणि देशी सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असण्याची पद्धत होती. ४० भोकांची अ‍ॅलॉय रिम सहज मिळत नाही. मग मागचा हब बदलावा लागतो, स्पोकची लांबी बदलते, खर्च वाढतो आणि सायकलचा मूळपणा जातो. मूळ रूपात ठेवायची असेल तर स्टीलची रिम, नीट मापाचा २७ × १¼ आणि ६५ पौंड. या तिघांवर ती सायकल अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स सगळीकडे आनंदानं फिरते.

विकण्याआधी

दुरुस्त केलेली कोणतीही रेसर ग्राहकाच्या हाती देण्याआधी मार्च ते जूनमध्ये आम्ही ती उन्हात तपासतो. सकाळी ठरलेल्या दाबाला हवा, दोन्ही टायरवर चार-चार ठिकाणी रिमची कड आणि टायरची रेघ यांच्यातलं अंतर मोजून पाटीवर लिहायचं, आणि दुपारभर सायकल दुकानामागच्या मोकळ्या जागेत उन्हात उभी करायची. चाकाच्या बाजूला कोणी बसायचं नाही, पोरांना जवळ येऊ द्यायचं नाही. संध्याकाळी टायर निवला की तीच आठ अंतरं पुन्हा मोजायची. एखादं अंतर बदललं असेल तर तार सरकायला लागली आहे. ती सायकल त्या दिवशी जात नाही, ग्राहक कितीही घाईत असला तरी.

बिलावर फक्त "टायर २ नग" असं लिहू नका. रिमचं माप, टायरचं माप, तो मिलिमीटरचा आकडा, वालचा प्रकार आणि हवेचा दाब लिहा. तेच एका छोट्या टॅगवर लिहून सीटखाली बांधा. ग्राहक पुढच्या वेळी तुमच्याकडेच येईल असं नाही. तो कामठी रोडवर कुठेतरी अडकेल, तिथला माणूस टॅग वाचेल आणि बरोबर टायर देईल.

हे सगळं पाहूनही टायर पुन्हा फुटला, तर ट्यूब, टायर आणि चाक तिन्ही एकत्र घेऊन जवळच्या जाणत्या कारागिराकडे जा आणि रिमच्या खांद्याचं माप चार ठिकाणी आडवं, व्यासातून मोजायला सांगा. क्रोम चढवण्याआधी जास्त घासून पातळ झालेली किंवा लंबगोल झालेली रिम असेल तर चारही आकडे सारखे येणार नाहीत. तिच्यावर कोणताच टायर टिकणार नाही आणि ती रिम बदलावीच लागेल.